सम येण्याआधी अर्धा सेकंद

सकाळी ६

काळ्या पडद्यावर बसलेला कापसाचा एक तंतूसुद्धा फोटोत पांढरा ओरखडा होऊन येतो. म्हणून दिवसाचं पहिलं काम ब्रशचं, कॅमेऱ्याचं नंतर. आमचा स्टुडिओ म्हणजे बऱ्हाणपुरातल्या एका जुन्या लूमच्या शेडचा अर्धा भाग. मधल्या भिंतीपलीकडे माग अजून चालतात, आणि भिंतीच्या फटी कितीही बुजवल्या तरी कापसाची भुकटी इकडे येतेच. भाचा पडद्यावर वरून खाली ब्रश मारत येतो, मी बाजूनं टॉर्च तिरकी धरतो. तिरक्या उजेडात एकेक तंतू उठून दिसतो. यात बराच वेळ जातो, पण हेच डाग नंतर कॉम्प्युटरवर पुसायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. भाच्याला हे आता सांगावं लागत नाही.

पडद्याचं कापड गावातलंच. अस्तर, बुकरम आणि कोरं कापड ही बऱ्हाणपूरची रोजची भाकरी आहे. जाड सुती कापड दाट काळं रंगवून घेतलं की पडदा झाला. बुकरम चौकटीवर ताणून ठोकलं आणि काळा रंग दिला की त्याचे ‘कटर’ होतात. प्रकाश जिथे नको तिथे ते आडवे धरायचे. पांढऱ्या कॅम्ब्रिकचे ‘स्किमर’ होतात, म्हणजे लाइटपुढे धरून उजेड मऊ करायचे पडदे. शहरांतल्या स्टुडिओंत हेच सामान तयार विकत मिळतं. आमच्याकडे ते शेजारच्या मागावरून उतरतं, याचं मला मनापासून सुख आहे.

तुळशीचं लग्न झालं की आमच्या धंद्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. आजचा दिवस दोन लग्नांच्या मधला, मुद्दाम मोकळा ठेवलेला. शनवाऱ्याजवळ मुलींना कथक शिकवणाऱ्या एका ताईंचे पोर्ट्रेट काढायचेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद पूर्ण करून त्यांनी इथेच वर्ग सुरू केला. फोटो वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या पोस्टरसाठी हवेत, आणि एक घरातल्या भिंतीसाठी.

सकाळी ७:३०

चहा घेताना आराखडा पुन्हा वाचतो. फुलस्केप कागदावर खोलीचा नकाशा, त्यात लाइटच्या जागा, पडद्यापासूनचं अंतर, आणि बाजूला ताईंशी झालेल्या बोलण्यातले शब्द.

त्या आईबरोबर ठरवायला आल्या होत्या, तेव्हा फोनमध्ये जमवलेले काही फोटो दाखवले. सगळे साधारण एकाच धाटणीचे: काळी पार्श्वभूमी, खाली घातलेली मान, डोळ्यांत पाणी, जमिनीवर सुटून पडलेले घुंगरू. ‘भाऊ, असं काहीतरी मूडी हवंय,’ असं म्हणाल्या आणि मग आपणच फोन उलटा ठेवला. ‘पण मी नाचताना अशी नसतेच हो.’

आजचं सगळं काम या वाक्यावर उभं आहे. फोटोत काळोख आला की त्यात दुःख भरायचं ही सवय आपल्याला कुठून लागली कोण जाणे. नर्तकीच्या बाबतीत तर ती फारच घट्ट आहे. नाचणाऱ्या बाईचा चेहरा अर्धा अंधारात गेला की तिच्यामागे एक फसलेलं प्रेम आणि एक उद्ध्वस्त मैफल आपोआप येऊन उभी राहते. रियाजाची वर्षं, तालाचा हिशेब, दुखरे गुडघे यांतलं काहीच येत नाही.

बऱ्हाणपुरात राहणाऱ्याला हे जास्त टोचावं. तापीपलीकडे जैनाबादला आहुखाना आहे, मुघलांची हरणांची बाग. मुमताजमहल १७ जून १६३१ रोजी इथे बाळंतपणात गेली आणि आग्र्याला नेईपर्यंत तिला त्याच परिसरात ठेवलं होतं, हे सगळ्या गाइडांना पाठ आहे. त्यानंतर वीसेक वर्षांनी, दख्खनचा सुभेदार असताना, औरंगजेबाला याच बागेत हिराबाई दिसली, अशी गोष्ट ‘मआसिर-उल-उमरा’त आहे. ती गाण्यात तरबेज होती. पुढे तिला जैनाबादी महल म्हणू लागले. ती तरुणपणीच गेली. पण तिचं कोणतं गाणं, कोणता राग, कोणाकडे शिकली, याबद्दल गोष्ट गप्प आहे. गोष्टीत उरलंय ते एवढंच: तिनं उडी मारून फांदीवरचा आंबा तोडला आणि शहजादा भान हरपला. एका कलावंत बाईची तीनशे सत्तर वर्षांत राहिलेली ओळख म्हणजे एका पुरुषाची नजर. म्हणून आजच्या कागदावर सगळ्यात वर मी लिहून ठेवलंय: ‘बघणाऱ्याचा मूड नको. करणारीचा हवा.’

हा विचार माझा एकट्याचा नाही. अमेरिकेत छायाचित्रकार बार्बरा मॉर्गननं नर्तकी मार्था ग्रॅहमचे फोटो काढले तेव्हा रंगमंचाखाली बसून, मिळेल तो क्षण टिपायचं नाकारलं. नर्तकीबरोबर बसून कोणती हालचाल नाचाचा गाभा आहे हे ठरवायचं आणि मग ती हालचाल खास कॅमेऱ्यासाठी पुन्हा करायची, ही तिची रीत. १९४० मधला ‘लेटर टू द वर्ल्ड’मधला ग्रॅहमचा फोटो, कमरेतून वाकलेलं शरीर आणि मागे हवेत उसळलेला झगा, आजही नाचाच्या फोटोंचा मापदंड आहे. त्या फोटोत शोक आहे, पण तो चेहऱ्यावर चिकटवलेला नाही. पाठीच्या वळणातून आलेला आहे.

ताईंबरोबर बसून आम्ही तीन फोटो ठरवले. एक ठाट. एक चक्कर संपून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्याचा. आणि एक घुंगरू बांधतानाचा. गावच्या किल्ल्यातल्या मुघल हमामात करू या का, असं त्यांच्या आईनं विचारलं होतं. हमामाच्या छतावरचं रंगकाम सुंदर आहे, पण पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत लाइट आणि ट्रायपॉड लावायचे तर रीतसर परवानगी हवी. आणि खरं कारण असं की तिथे मुघल जिंकतात. बघणारा छत बघतो. इथे काळ्या कापडासमोर ताईंशिवाय बघण्यासारखं काहीच नाही.

सकाळी ९

लाइट लावणं.

मला वरून येणारा उजेड शिकवला तो कुंडी भंडाऱ्यानं. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ मध्ये बांधलेली ही जमिनीखालची पाण्याची वाट. लिफ्टनं सुमारे ८० फूट खाली उतरलं की चुन्याच्या क्षारांनी पांढुरक्या झालेल्या भिंती आणि पायांखाली वाहतं पाणी. ठरावीक अंतरावर एकेक कुंडी वर उघडते आणि तिच्यातून उजेडाचा खांब सरळ खाली येतो. त्याच्याखाली माणूस उभा राहिला की कपाळ, नाक, गालाची हाडं उजळतात, डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. तिथून एक पाऊल मागे सरकला की तोच उजेड चेहऱ्यावर तिरका पडतो आणि डोळे परत येतात. त्या एका पावलात काय बदलतं हे कळलं की पोर्ट्रेटचं निम्मं काम कळलं.

आज मुख्य लाइट एकच: उभट, अरुंद सॉफ्टबॉक्स, पुढे जाळीची ग्रिड, कॅमेऱ्याच्या डावीकडे, ताईंच्या डोक्याहून हातभर वर. याच मांडणीत अंधारातल्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो. फोटोग्राफर त्याला रेम्ब्रांचं नाव देतात. हा डच चित्रकार हिंदुस्थानात कधी आला नाही, पण १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यानं मुघल लघुचित्रं समोर ठेवून रेखाटनं केली, त्यात शाहजहानही आहे. म्हणजे इकडे हिराबाईची गोष्ट घडून जेमतेम काही वर्षं होत होती, तेव्हा तिकडे ॲमस्टरडॅममध्ये तो आपल्याकडचे चेहरे रेखाटत होता. ताईंच्या गालावर तो त्रिकोण येतो का बघताना मला याची फार गंमत वाटते.

दुसरा लाइट मागून उजवीकडून, अगदी मंद, फक्त केसांच्या आणि खांद्याच्या कडेपुरता. काळे केस काळ्या पडद्यात बुडाले तर डोक्याचा आकारच हरवतो. समोरून भरावाचा उजेड नाही. उलट उजव्या बाजूला बुकरमचा काळा कटर, म्हणजे पांढऱ्या भिंतीवरून परतणारा उजेडही तो खाईल.

पडदा काळा दिसतो तो केवळ काळ्या रंगामुळे नाही, अंतरामुळे. उजेड अंतराच्या वर्गानं उतरतो: अंतर दुप्पट तर उजेड पाव. नाचणारी लाइटपासून ३ फुटांवर आणि पडदा ९ फुटांवर असेल, तर पडद्यावर तिच्या नवव्या हिश्शाइतकाच उजेड पोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून थोडा जास्त फरक. या हिशेबात राखाडी भिंतसुद्धा जवळजवळ काळी होते. भाच्याला उभं करून मीटर लावतो. एफ ८, आयएसओ १००, शटर १/१६०. फ्लॅश बंद ठेवून एक फ्रेम: पूर्ण काळी. म्हणजे ट्यूबलाइटचा, दाराच्या फटीचा, कशाचाच उजेड फोटोत येत नाहीये. आता जे दिसेल ते आम्ही ठरवलेलंच.

सकाळी १०:३०

ताई आणि त्यांच्या आई आल्या. ताईंनी चपला काढून आधी जमीन बघितली.

स्टुडिओची जमीन सिमेंटची. सिमेंटवर तत्कार, म्हणजे पायांचे ठोके, केला की प्रत्येक ठोक्याचा धक्का घोट्यातून गुडघ्यात जातो. म्हणून खाली दुहेरी सतरंजी, तिच्यावर जाड प्लायचे दोन तक्ते, फटीवर पट्टी चिकटवलेली, वरून काळा रंग. त्या त्यावर चालल्या, टाच आपटून बघितली, एका कोपऱ्यात प्लाय वाजत होता तो दाखवला. भाच्यानं तिथे घडी घालून सतरंजी सरकवली. हे पाहिल्याशिवाय नर्तकीला ‘उभ्या राहा’ म्हणणारे फोटोग्राफर मला समजत नाहीत.

मग पाऊण तास त्यांचा. थंडीचे दिवस, अंग आखडलेलं. त्या भिंतीकडे तोंड करून पाय मोकळे करतात, हळू लयीत तत्कार सुरू करतात. आम्ही तेव्हा फोटो काढत नाही, पण मी बघतो. मान कुठल्या बाजूला सहज वळते, कोणता खांदा आधी उठतो, दम कुठे घेतात. लाइटची उंची मी याच वेळात दोनदा बदलली.

मेकअपवर आईंशी थोडी चर्चा झाली. त्यांनी रंगमंचाची पेटी आणली होती. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला भुवई दिसायला हवी असते. कॅमेरा इथे ५ फुटांवर आहे. काजळ ठेवलं, बिंदी ठेवली, आलता ठेवला. पॅनकेकचा थर नको म्हणालो. ‘घाम आला की चमकेल ना चेहरा,’ आई म्हणाल्या. चमकू दे. ताई सावळ्या आहेत, आणि सावळ्या त्वचेवर तिरका उजेड जो तजेला आणतो तो कुठल्याच पावडरीनं येत नाही. गाल, गळ्याची शीर, मनगटाचं हाड, सगळं त्या चमकेनं घडतं.

टिकल्यांचा घागराही बाजूला ठेवला. कडक उजेडात प्रत्येक टिकली एक वेगळा दिवा होते. गर्द हिरवा साधा अंगरखा, चुडीदार, आणि माहेश्वरी ओढणी. महेश्वरच्या किनारीतली जर बारीक असते, ती एकाच रेषेत उजेड पकडते.

दुपारी १२ ते १:३०

पलीकडच्या मालकांशी बोलून ठेवलं होतं: या दीड तासात माग बंद. बदल्यात त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो आमच्याकडून. मागाच्या खटखटीला तिची स्वतःची पक्की लय असते, ती लेहऱ्याशी, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या धुनेशी, भांडते, आणि तालात वाढलेलं शरीर दोन लयी एकदम पेलू शकत नाही. माग थांबले. स्पीकरवर सोळा मात्रांच्या तीनतालाचा लेहरा लावला.

आधी ठाट. बघणाऱ्याला वाटतं, नर्तकी नुसती उभी आहे. एक हात खांद्याच्या रेषेत लांब, दुसरा छातीसमोर, आणि मग मनगट, मान, भुवई, श्वास यांच्या अगदी बारीक हालचाली. कथकवाले त्याला कसक-मसक म्हणतात. समेवर सगळं एका जागी येऊन थांबतं. लय मिनिटाला ६० मात्रांची ठेवली, म्हणजे एक आवर्तन १६ सेकंदांचं. मी आवर्तनाला एकच फ्रेम घ्यायची असं ठरवलं होतं. फ्लॅश भरायला दोन सेकंद लागतात हे एक कारण. मोठं कारण असं की एका आवर्तनात खरी जागा एकच असते.

‘हनुवटी वर’, ‘थोडं हसा’, ‘इकडे बघा’ यांतलं काहीच मी बोलत नाही. बोललो तर तालाच्या भाषेत: ‘ताई, पंधराव्या मात्रेला नजर हातावर, समेला समोर.’ त्या मान हलवतात. समेला त्यांचा श्वास सुटतो आणि चेहऱ्यावरचा ताण एका क्षणात उतरतो. त्याच्या किंचित आधी, श्वास अजून धरलेला असताना, चेहऱ्यावर जे असतं ते मला हवं होतं. त्याला उदासी म्हणता येणार नाही, आनंदही नाही. हिशेब करणाऱ्या, ऐकणाऱ्या, वाट बघणाऱ्या माणसाचा तो चेहरा आहे. काळोख याच्यासाठी लागतो. आजूबाजूचं सगळं काढून टाकल्याशिवाय ही एवढीशी गोष्ट दिसत नाही.

मग चक्कर. इथे काम अवघड होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

जुन्या स्टुडिओंत नाचणाऱ्या बायकांचे फोटो आहेत, पण त्या नाचत नाहीत. काचेच्या प्लेटा मंद असायच्या, एक्स्पोजर सेकंदांत मोजायचं, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावायचे. लाला दीनदयाळ इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करता करता १८७४ मध्ये कॅमेऱ्याकडे वळले. त्या पिढीतल्या मोठ्यातल्या मोठ्या कलावंतालाही गिरकी टिपणं शक्य नव्हतं. नंतर फ्लॅश आला आणि उलटं टोक गाठलं: १/१००० सेकंदात गोठलेला घेर, प्रत्येक चुणी स्वच्छ, आणि गती गायब. कथकमध्ये गिरकी आणि थांबणं एकमेकांवाचून अर्धवट आहेत. दोन्ही एकाच फोटोत यायला हवीत.

त्यासाठी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवलं. बाजूला एक पिवळट एलईडी सतत जळता, त्याच्यापुढे स्किमर. तो गिरकीची रेघ ओढेल. फ्लॅश शटर उघडताना न उडता बंद होण्याच्या क्षणी उडेल असा सिंक लावला. लेहऱ्याची लय १२० केली. मिनिटाला १२० मात्रा म्हणजे एक मात्रा बरोबर अर्ध्या सेकंदाची. आता सोळाव्या मात्रेवर शटर उघडायचं, त्या एका मात्रेत शेवटची गिरकी आपली रेघ ओढेल, आणि समेवर पाय पडतानाच फ्लॅश. म्हणजे समेला बोट दाबणारा उशिरा पोचतो. मात्रा मोजत, तिच्या आधीच्या ठोक्यावर दाबावं लागतं.

चक्कर डाव्या टाचेवर, डावीकडे वळत घेतात. त्यामुळे चेहरा कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूनं समोर येतो, आणि मुख्य लाइटही तिथेच आहे. आधी एका बाजूचा चेहरा उजेडातून सरकतो, मग पूर्ण थांबतो. लाइट उजवीकडे असता तर चेहरा अंधारातून आला असता आणि रेघ दिसलीच नसती. ताईंना हे समजावलं तेव्हा त्यांनी प्लायवर खडूनं टाचेची जागा आखून घेतली. ‘इथून दोन बोटं जरी सरकले तर सांगा भाऊ.’

बऱ्याच फ्रेम वाया गेल्या. कधी फ्लॅश लवकर, कधी ओढणी तोंडावर, कधी सम अचूक पण टाच खुणेच्या बाहेर. थोड्या वेळानं ताईंनी हात वर केला आणि खाली बसल्या. आम्ही लेहरा बंद केला, पाणी दिलं. कितीदा फिरायचं हे त्या ठरवतात. परत उठल्यावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात बोट, पाय आणि फ्लॅश तिन्ही एका ठोक्यावर आले. मागच्या छोट्या पडद्यावर बघायच्या आधीच आम्हा तिघांना ते कळलं होतं, कारण घुंगरांचा आवाज आणि फ्लॅशचा आवाज वेगळे ऐकू आले नाहीत.

शेवटी घुंगरू बांधणं, म्हणजे खरं तर सोडणं आणि पुन्हा बांधणं. पोस्टरांवर घुंगरांचे फोटो बहुतेक वेळा घोट्यापर्यंतच असतात. बाई वरून कापलेली. मला पूर्ण माणूस हवा होता. लाइट वर नेला, कुंडीतल्यासारखा. ताई बसल्या, दोरीची गाठ सोडली, घुंगरू कपाळाला लावले आणि एकेक वेढा घोट्याभोवती घट्ट ओढत गेल्या. मान खाली, डोळे खाली. त्यांच्या फोनमधल्या फोटोंतही मान अशीच खाली होती. फरक एवढाच की इथे हातांना काम आहे. दोरी ओढताना ओठ आवळले जातात, भुवया किंचित जवळ येतात, दंडाचा स्नायू उठतो. वेढा सैल राहिला तर तत्कारात घुंगरू घसरतील, हे त्या चेहऱ्याला पक्कं माहीत आहे.

दीड वाजता माग पुन्हा सुरू झाले.

दुपारी २

शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. मागून मावा जलेबी, कारण बऱ्हाणपुरात पाहुण्यांना ती खाऊ न घालता पाठवत नाहीत. आईंनी एक उचलली, ताईंनी दोन.

दुपारी ३

जेवणाआधीच भाच्यानं कार्डावरच्या फाइली दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवल्या होत्या. दोन्हींवरून उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, हा इथला नियम.

निवड मी एकटा करत नाही. डोळे मिटलेले, फोकस चुकलेले तेवढे आधी काढतो, मग खुर्ची ताईंना देतो. ठाटातल्या एका फ्रेमवर माझा जीव जडला होता: गालावरचा त्रिकोण अचूक, जरीची रेघ खांद्यावरून खाली सांडलेली, नजरेत तो धरलेला श्वास. ताईंनी ती दोन सेकंद बघितली आणि म्हणाल्या, ‘कोपर पडलंय.’

लांब हाताचं कोपर खांद्याच्या रेषेपेक्षा जरासं खाली होतं. शंभरातल्या नव्वद लोकांना ते दिसणार नाही. ‘पण माझ्या वर्गातल्या मुलींना दिसेल. मी त्यांना रोज यावरूनच बोलते.’ फ्रेम बाद. पुढच्या आवर्तनातली घेतली. त्रिकोण थोडा पसरलेला, पण कोपर जागेवर आणि अंगठा नीट मिटलेला. नाचाचा फोटो नाचात चुकीचा असेल तर प्रकाशाच्या सौंदर्यानं ती चूक झाकली जात नाही, उलट उजेडात येते. पुण्यात रोहिणीताई भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू करून मराठी घरांत कथक रुजवलं. त्यानंतर आपल्याकडे हा नाच शिकलेला, जाणणारा प्रेक्षक तयार झाला आहे. पोस्टर त्यालाही बघायचं आहे.

कुठला फोटो कुठे वापरायचा हेही आत्ताच लिहून घेतलं. ठाट पोस्टरवर, चक्कर कार्यक्रमपत्रिकेत, घुंगरू फक्त घरात. आमच्या काचेच्या शोकेसमध्ये किंवा फोनवर कुठलाही टाकायचा तर आधी विचारायचं.

दुपारी ४:३०

सगळे गेले. दार लावलं, खिडकीवर पडदा ओढला, मॉनिटरची उजळाई १०० कँडेलापर्यंत उतरवली. भगभगीत पडद्यावर काळोखाचं काम करणारा माणूस काळोख जास्तच गडद करून बसतो आणि छापून आलं की सगळं शाईत बुडालेलं असतं.

पहिलं काम रंगाचा तोल. सुरुवातीला एका फ्रेममध्ये ताईंनी राखाडी कार्ड धरलं होतं, त्यावरून तोल घेतला. त्वचा आपल्या रंगावर आली. तिथून पुढे तिला हात नाही.

मग काळ्याचे थर. काळोख एकसारखा नसतो, नसावा. पडदा पूर्ण काळा, शून्यावर. केस त्याहून जरा वर, इतके की वेणीचा पेड वेगळा कळावा. अंगरख्याची सावलीतली बाजू आणखी जरा वर, म्हणजे ती हिरवी आहे हे डोळ्याला कळेल पण नजर तिथे थांबणार नाही. कर्व्हचं खालचं टोक इंचभर ओढून हे तीनही थर एकात मिसळता येतात. फोटो पहिल्या नजरेला जास्त ‘मूडी’ दिसतो आणि दुसऱ्या नजरेला त्यात काही उरलेलं नसतं. मी ते टोक फारसं हलवत नाही.

नंतर उजळवणं आणि दबवणं, मोठ्या मऊ ब्रशनं, अगदी थोड्या ताकदीवर. ठाटात नजर डोळ्यांपासून निघून लांब हातावरून बोटांच्या टोकाशी पोचायला हवी. दंडावर मुख्य लाइटचा एक ढबू डाग पडला होता, तो थोडा दाबला. मनगटाची वळलेली बाजू थोडी उचलली. बोटांची टोकं तशीच ठेवली, तिथे आलता आहे. हे काम सलग केलं तर डोळा भुलतो, म्हणून मधून मधून फोटो उलटा करून बघतो. उलट्या फोटोत चेहरा चेहरा राहत नाही, नुसते उजेडाचे तुकडे दिसतात, आणि नको तिथला तुकडा ताबडतोब कळतो.

चक्करच्या फोटोत मोह वेगळा होता. एका फ्रेमची रेघ सुंदर, दुसऱ्या फ्रेमचा चेहरा. दोन जोडून एक करणं दहा मिनिटांचं काम आहे. केलं नाही. ती सम ताईंनी घेतलेली आहे, प्लायवर खडूच्या खुणेवर. जोडलेल्या फोटोत ती सम कोणाचीच राहिली नसती. निवडलेल्या फ्रेममध्ये ओढणीची पिवळी रेघ एका जागी कानाला भिडते, तीही ठेवली. पडद्यावरचे दोन कापसाचे तंतू मात्र पुसले.

घुंगरांचा फोटो काळा-पांढरा करून बघितला. तो एकदम ‘कलात्मक’ झाला आणि पन्नास वर्षं जुना वाटू लागला. पितळेचा पिवळा आणि आलत्याचा लाल गेला तर त्यातला आजचा दिवस जातो. रंग परत आणले, हिरव्याचा भडकपणा तेवढा उतरवला.

संध्याकाळी ७:३०

तिन्ही फोटो ताईंच्या फोनवर पाठवले. थोड्या वेळानं आईंचा फोन आला. सगळं आवडलं, फक्त एक. ‘भाऊ, चेहरा जरा उजळ नाही का होणार? घरात लावायचाय.’

हे वाक्य आमच्या दुकानात रोज येतं. लग्नाच्या अल्बमांत, पाहणीच्या फोटोंत, अगदी बाळाच्या बारशालाही. गावोगावच्या स्टुडिओंनी त्वचा गोरी करायचं एक बटणच करून ठेवलं आहे आणि लोकांना ती सेवा वाटते. मी आईंना म्हणालो, ‘मावशी, ताई चाळीस मुलींच्या समोर उभ्या राहतात. त्यातल्या निम्म्या त्यांच्यासारख्याच सावळ्या आहेत. पोस्टरवर बाईंचा रंग बदललेला दिसला तर त्या मुली काय शिकतील?’ पलीकडे थोडं थांबून आई म्हणाल्या, ‘मग राहू दे. पण फोटो काळोखात हरवायला नको भिंतीवर.’

ही तक्रार अगदी रास्त आहे. आणि तिचं उत्तर रंगात नाही, कागदात आहे.

रात्री ९

चकचकीत कागद काळा जास्त खोल दाखवतो, पण घरातल्या भिंतीवर त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं आणि समोर उभ्या माणसाला स्वतःचाच चेहरा दिसतो. मॅट कागदावर ते होत नाही, पण तिथे काळा उथळ होतो आणि सावल्यांतले जवळजवळचे थर एकमेकांत मिसळतात. म्हणून मॅटसाठी वेगळी फाइल करायची: पडदा तसाच काळा, पण वेणी, अंगरखा आणि चेहऱ्याची अंधारी बाजू प्रत्येकी थोडी वर उचललेली.

छोट्या प्रिंटरवर घुंगरांच्या फोटोच्या तीन पट्ट्या काढल्या, सावल्या तीन वेगवेगळ्या उंचीवर. स्टुडिओच्या लाइटखाली बघायच्या नाहीत. आमच्याच बाहेरच्या खोलीत, साध्या ट्यूबखाली, भिंतीला टेकवून, आठ-दहा पावलांवरून. पहिल्या पट्टीत पाठीची रेघ गेली होती. तिसरीत पडदा राखाडी वाटत होता आणि फोटोतली शांतता गेली होती. दुसरीत दोरी ओढणारा दंड, आवळलेले ओठ आणि पाठीची कड, सगळं दारातूनच दिसत होतं.

त्या पट्टीच्या मापानं पूर्ण फाइल केली. १२ बाय १८ इंच, ३०० डीपीआय, म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. लॅबसाठी सोबत चिठ्ठी लिहिली: मॅट कागद, ऑटो करेक्शन बंद, रंग आणि उजळाई यांना हात लावू नये. ‘त्वचा उजळू नये’ हे शेवटचं वाक्य भाच्यानं स्वतःहून ठळक अक्षरांत टाकलं. फाइल गेली. उद्या सकाळी सातला रावेरला हळद आहे; तो प्लायचे तक्ते भिंतीला उभे करायला लागला, मी लेन्स पुसायला घेतल्या.